मातीच्या पुरचुंड्या

कापूस वेचून झाला की धामणगाव बढ्याला आमच्या गोठ्यात एकच वाद चाले : यंदा बैलजोड्यांच्या शर्यतींचे, म्हणजे शंकरपटांचे, कोणकोणते मैदान खेळायचे? सगळीकडे जाता येत नसे. नुसतं रस्त्याने चालूनच बैलांचे खुर झिजत. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. जोडी माझी आणि चुलतभाऊ उकंडरावची मिळून होती. हिऱ्या माझा, कोसा त्याचा. हिऱ्याची माय वितानाच मेली, म्हणून माझ्या बायकोने, विमलने, त्याला दुधात चिंधी भिजवून पाजली आणि वाढवलं. छकड्यावर मात्र उकंडराव बसे. त्याच्या हातातल्या तुतारीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, टोकाशी खिळा होता. तो फक्त हिऱ्यालाच टोचायचा, कोशाला कधी नाही. दर पटानंतर हिऱ्याच्या पुठ्ठ्यावरचं रक्त मी दात खात धूत असे.

पट निवडायची आमची रीत वेगळी होती. जिथे धावलो तिथली चिमूटभर माती पुरचुंडीत बांधून आणायची. हंगामाआधी त्या पुरचुंड्या सोडून बैलांपुढे ओळीने मांडायच्या. बैल हुंगून जीभ लावील त्या गावी जायचं, तोंड फिरवील ते गाव सोडायचं.

त्या वर्षी खामगावची माती हिऱ्याने चाटली. मोताळ्याचीही चाटली. शेवटची पुरचुंडी मी बांधलेली नव्हती. तिच्यातली माती काळी होती आणि कोरड्या गोठ्यातही ओली होती. हिऱ्या दावं ताणून मागे सरला आणि थरथरत उभा राहिला.

"हे कुठली?" मी विचारलं.

"सोनाळ्याच्या वरती, पहाडाच्या बुडाशी पट भरून राह्यला. मानूस आला होता बोलावणं अन् माती घेऊन," उकंडराव म्हणाला.

"तो पट कवाचा बंद हाय, दादा. तिथं एकानं बैल टोचू टोचू मारला, तवापासून."

"तुले काय मालूम बे? शेण काढ तू, शेण."

"हिऱ्यानं तोंड फिरवलं ना."

"आता बैलाले इचारून चालाचं काय? मंग त्यालेच बसव ना छकड्यावर!"

ओट्यावर बसलेले सगळे खो खो हसले. माझं डोकं भणभणलं. पण जोडी अर्धी त्याची होती, आणि हिऱ्याला एकट्याला त्याच्या हाती देणं माझ्याच्याने होईना. म्हणून गेलो.

भर दुपारी माळावर दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. एवढी गर्दी, पण कुठे चहाची चूल नाही, विडीचा वास नाही, कोणी कोणाला शिवी देत नाही. दुसरी एकही जोडी आलेली नव्हती. जमिनीवर चाकोरी नव्हती, शेण नव्हतं. एवढ्या उन्हातही माती काळी, ओली होती. प्रत्येकाच्या हातात तुतारी होती, खिळा खाली करून धरलेली.

"दादा, चाल वापस."

"भेकड साला," असं म्हणून तो छकड्यावर चढला.

झेंडी पडली.

त्याने हिऱ्याला टोचलं. हिऱ्या दचकला नाही. त्याने पुन्हा टोचलं, पुन्हा. जोडी एवढी पळताना मी कधी पाहिली नव्हती. कोणी ओरडलं नाही.

टोकाला जोडी आपणहून थांबली.

मी धावत गेलो. हिऱ्याच्या पुठ्ठ्यावर ओरखडाही नव्हता. खिळ्यावरून रक्त ठिबकत होतं.

उकंडराव समोर बघत बसला होता. सदरा पाठीला चिकटला होता.

मागे वळून पाहिलं. माळ रिकामा होता.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, कोकिळावहिनीने, हळद लावायला सदरा काढला आणि मला हाक मारली. पाठीवर खिळा टोचल्याच्या जखमा होत्या. काही ताज्या, काही जुन्या, बुजलेल्या. मला कीव आली नाही. आजही येत नाही.

पुढल्या हंगामात मी पुरचुंड्या सोडल्या. काळी माती तेवढी नाल्यात फेकली होती. हिऱ्या रवंथ करत बसून राहिला.

उकंडराव वर्षभर कोणाशी बोलला नव्हता. तो कडुलिंबाखालून उठला, गुडघ्यांवर आला, मग हातांवर. ओळीने एकेक माती हुंगत पुढे सरकला.

ओट्यावरचं कोणी हसलं नाही.

खामगावच्या मातीशी तो थांबला, आणि त्याने जीभ लावली.