मिशावाले डॉक्टर

"हस्की नको म्हणजे नको!" मुंगीनं पुस्तक टेबलावर आपटलं. "बर्फात गाडी ओढणारा कुत्रा तो, बाबा! तिसऱ्या मजल्यावर आणून काय ओढायला लावणार त्याला? सोफा?"

"मग तू म्हणतेस तो कोणता? बीगल! दिवसभर भुंकणारा!" बाबा गरजले.

"मला विचाराल तर कोणताच नको," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला खरं तर कोणीच विचारलं नव्हतं.

सुट्टी लागल्यापासून घरात हेच चाललं होतं. मुंगी बारा वर्षांची. चणीनं एवढीशी, पण चिडली की कडकडून चावणार, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. कुत्र्यांवरची चार जाडी पुस्तकं तिनं वाचनालयातून आणून कोळून प्यायली होती. वरच्या मजल्यावर राहणारा तिचा मित्र भोंगा रोज येऊन तिची बाजू घ्यायचा. तो साधं "बरं" म्हणाला तरी गच्चीपर्यंत ऐकू जायचं. त्यामुळे भांडण आणखीच चढायचं.

शेवटी एकच गोष्ट ठरली. सगळ्यांनी मिळून जायचं, पिल्लाची आई पाहायची आणि पिल्लू दोन महिन्यांचं झालेलं असेल तरच आणायचं. मुंगीनं हे बाबांकडून तीनदा वदवून घेतलं.

आणि गुरुवारी संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले ते हातात खोकं घेऊनच!

"लॅब्रॅडोर!" ते विजयी मुद्रेनं म्हणाले. "घरात ठेवायला यापेक्षा शहाणी जात नाही. बरोबर दोन महिन्यांचं आहे. आई पाहिली, लसीचं कार्ड पाहिलं. झालं समाधान?"

मुंगीचं मुळीच समाधान झालं नव्हतं. खोक्यात फिकट पिवळा, मुठीएवढा गोळा थरथरत होता. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिचे कान रागानं तापले होते.

"सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं होतं."

"आणलं तरी तोंड वाकडंच! आता आणलंय ना, मग गप्प बस."

ती गप्प बसली. पिल्लू मात्र बसलं नाही. ते रडायला लागलं आणि रडतच राहिलं. बाबांनी आणलेले कुत्र्यांच्या खाण्याचे कोरडे दाणे त्यानं हुंगलेसुद्धा नाहीत. टिकटिक आईच्या काळजासारखी वाटावी म्हणून मुंगीनं घड्याळ फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवलं, आपला जुना स्वेटर खोक्यात अंथरला, कोपऱ्यात वर्तमानपत्रं पसरली. पुस्तकात होतं ते सगळं केलं. पिल्लू स्वेटरची बाही तोंडात धरून चोखायचं, काही मिळालं नाही की पुन्हा रडायचं.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या मॅडम वर आल्या. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज नोकरीवरच होता.

"हे घर आहे की कोंडवाडा? आणखी एक दिवस हा आवाज ऐकला, तर सोसायटीच्या बैठकीत तुम्हाला उभं करीन!"

दार लागल्याबरोबर आई बाबांकडे वळली. "रविवारी हे पिल्लू जिथून आणलं तिथे परत जाईल. माझ्याच्यानं होत नाही."

"परत देऊ," बाबा वैतागून म्हणाले. "हे पिल्लूच खराब निघालं. बदलून हस्की आणू."

"खराब?" मुंगी ओरडली. "ते काय पंखा आहे, खराब निघायला?"

"आवाज खाली!"

मुंगी पिल्लू घेऊन बाल्कनीत जाऊन बसली. पिल्लानं तिचं बोट तोंडात घेतलं. ती चावा बसण्याची वाट पाहत राहिली, पण लागलं ते नुसतं मऊ हिरड्यांचं दडपण. तिनं हळूच त्याचा ओठ वर केला. पुढे सुयांच्या टोकांसारखे चार-पाच दात नुकते डोकावत होते. मागे काहीच नव्हतं!

"भोंग्या," ती वर तोंड करून म्हणाली, "खाली ये. आणि ओरडू नकोस."

"आलो!" भोंगा ओरडला.

शनिवारी सकाळी दोघं पिल्लाला पिशवीत घालून दोन गल्ल्या पलीकडे जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. मुंगीनं आईला तसं सांगितलं होतं. आईनं "जा, त्यांच्याकडेच ठेवून या" एवढंच उत्तर दिलं होतं.

डॉक्टर बाई उंच आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून टॉर्च मारला. पोट दाबलं, वजन केलं. मग एकदम कडक आवाजात विचारलं, "याला आईपासून कोणी तोडलं?"

"आम्ही नाही," भोंगा कधी नव्हे ते हळू बोलला.

"जेमतेम चार आठवड्यांचं आहे. दाढा उगवलेल्या नाहीत, कोरडे दाणे चावेल कशानं? भुकेनं रडतंय ते! कार्ड दाखव."

मुंगीनं बाबांच्या खणातून आणलेलं कार्ड पुढे केलं. डॉक्टर बाईंनी ते वाचलं आणि त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. कार्डावर त्यांच्याच दवाखान्याचा शिक्का होता. खाली त्यांचंच आडनाव होतं.

"हा शिक्का माझा नाही, सहीसुद्धा माझी नाही. या पिल्लाला मी आज पहिल्यांदा बघतेय."

पिल्लानं बाटलीतून खास पिल्लांसाठीचं दूध असं ओढलं, की बाटलीत बुडबुडे उठले. पोट टम्म झाल्यावर ते मुंगीच्या मांडीवर क्षणात झोपलं. दोन दिवसांत पहिल्यांदा ते गप्प झालं होतं. मुंगीला इतका राग आला, की तिचे डोळे भरून आले.

"पोलिसांना सांगा ना!"

"सांगणारच. पण नुसत्या कार्डावर पिल्लू विकणारा म्हणेल, मला दुसऱ्याच कोणीतरी फसवलं. तो पिल्लं कुठे ठेवतो हे दिसायला हवं, आणि खोटं त्याच्याच तोंडून बाहेर पडायला हवं."

"उद्या बाबा पिल्लू परत द्यायला जाणार आहेत," मुंगी हळूहळू म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजू लागलं होतं. "डॉक्टर, त्यानं तुम्हाला कधी पाहिलंय?"

"नाही."

"मग उद्या तुम्ही गिऱ्हाईक व्हाल?"

रविवारी दुपारी बाबा, मुंगी, भोंगा आणि पिल्लू गाडीतून निघाले. ठरलेला बेत मुंगीनं बाबांना मुद्दामच सांगितला नव्हता; ते आधीच आरडाओरड करतील अशी तिला भीती होती. पिल्लू विकणाऱ्याचं घर गावाबाहेरच्या रस्त्यावर होतं. पुढे छान रंगवलेलं फाटक, कापलेलं गवत आणि गवतावर रुबाबात बसलेला सोनेरी लॅब्रॅडोर. घराच्या मागे उंच पत्र्याचं कुंपण. डॉक्टर बाई साध्या कपड्यांत आधीच येऊन उभ्या होत्या. मुंगीकडे त्यांनी ओळख दाखवली नाही.

पिल्लूवाला पुढे आला. त्याच्या जिभेवर साखर होती, डोळ्यांत मात्र नव्हती. भोंग्यानं जागच्या जागी त्याचं नाव साखऱ्या ठेवलं.

"परत? अहो साहेब, पिल्लू म्हटलं की रडणारच! तुमच्या मुलांनी घाबरवलं असेल. आजकालच्या पोरांना वळणच नाही."

बाबांनी मुंगीकडे रागानं पाहिलं.

"माझ्या या गिऱ्हाईक बाईंना विचारा," साखऱ्या डॉक्टरांकडे वळला. "आमचा माल कसा आहे ते बघायलाच आल्यात. ही बघा, सगळ्या पिल्लांची आई!" त्यानं गवतावरच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं.

"लसी कोण देतं?" डॉक्टर बाईंनी थंडपणे विचारलं.

"शहरातले सगळ्यात मोठे डॉक्टर! माझे शाळेपासूनचे दोस्त. दर आठवड्याला स्वतः येतात. कार्डावर सही बघा."

"म्हणजे ते मोठ्या मिशांचे डॉक्टर का हो, काका?" मुंगीनं भाबडा चेहरा करून विचारलं.

"तेच, तेच! या मिशा!" साखऱ्यानं गालांपर्यंत हात नेले. "कालच येऊन चहा पिऊन गेले."

डॉक्टर बाईंनी पर्समधून ओळखपत्र काढून त्याच्या नाकासमोर धरलं.

"कार्डावरची डॉक्टर मी आहे. मिशा कुठे दिसतात का बघा."

साखऱ्यानं एक पाऊल मागे घेतलं. तेवढ्यात गवतावरचा कुत्रा उठला, आळस देऊन फाटकाच्या खांबापाशी गेला आणि त्यानं निवांत एक पाय वर केला.

"बापरे!" भोंग्यानं आपला खराखुरा आवाज लावला. "अहो काका, बघा! पिल्लांची आई पाय वर करतेय!"

बाबा कुत्र्याकडे बघत राहिले. मग ओळखपत्राकडे, मग मुंगीच्या हातातल्या पिल्लाकडे. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

"चालते व्हा!" साखऱ्याची साखर संपली. "पोरांना पुढे करून माझी बदनामी करता? सोडीन कुत्रा अंगावर!"

कुत्रा शेपटी हलवत भोंग्याचा हात चाटत होता.

भोंग्याच्या आरोळीनं जागं झालेलं पिल्लू एकदम किंकाळलं. आणि पत्र्यामागून उत्तर आलं! लांब, घोगरं, काळीज चिरणारं. पाठोपाठ पत्र्यावर नखांचा खरखराट. मुंगी धावली. साखऱ्यानं तिचा दंड पकडून तिला मागे खेचलं. "कुठे जातेस गं कार्टे?"

"हात सोडा तिचा!"

बाबांचा असा आवाज मुंगीनं कधीच ऐकला नव्हता. घरातली सगळी भांडणं त्यापुढे कुजबुज वाटावीत असा तो होता. साखऱ्याचा हात आपोआप सुटला. बाबांनी त्याला बाजूला सारलं, मागच्या दाराची कडी काढली आणि ते दारातच थबकले.

आत घाण वासाच्या अंधारात लहान लहान पिंजरे रचलेले होते. एकोणीस पिल्लं. तीन कुत्र्या, बरगड्या मोजता येतील इतक्या रोड. त्यातली एक पिवळट, काळ्या कानांची, कोणत्याच जातीत न बसणारी कुत्री जाळीवर पंजे मारत होती. बाबांनी जाळी उघडली. ती मुंगीवर दात विचकून गुरगुरली. मुंगीनं पिल्लू जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरली. पिल्लू तुरुतुरु गेलं आणि आईच्या पोटाखाली घुसलं. गुरगुरणं थांबलं.

डॉक्टर बाईंनी आधीच सांगून ठेवल्यामुळे पोलीस रस्त्याच्या वळणावरच थांबले होते. साखऱ्या गाडीत बसेपर्यंत "माझा काही दोष नाही, मलाच फसवलं" हेच म्हणत होता.

"मिशावाल्या डॉक्टरांनी का?" सगळा किस्सा ऐकलेल्या हवालदारानं विचारलं.

घरी परतताना बाबांनी गाडी मध्येच थांबवली.

"मी नीट पाहिलंच नाही," ते समोर बघत म्हणाले. "तू तीनदा सांगितलं होतंस. चुकलो, मुंगी. आणि तुला गप्प बसवलं, ते त्याहून वाईट केलं."

मुंगीला पटकन "असू दे" म्हणता आलं नाही. पण तिनं मागच्या सीटवरून हात पुढे करून बाबांच्या खांद्यावर ठेवला.

तिन्ही कुत्र्या आणि सगळी पिल्लं डॉक्टर बाईंच्या दवाखान्यामागच्या अंगणात राहिली. मुंगी आणि भोंगा रोज जायचे. काळ्या कानांची कुत्री पहिले चार दिवस त्यांच्यावर गुरगुरली, पाचव्या दिवशी नुसतीच बघत राहिली, दहाव्या दिवशी तिनं मुंगीच्या हातून घास घेतला.

ही बातमी सोसायटीत पसरली. जिन्यात मॅडमनी मुंगीला अडवलं. मुंगीनं बोलणी खायची तयारी केली.

"एकोणीस पिल्लं?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

"हं. माझ्या शाळेत असतीस तर सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या." एवढं म्हणून त्या खाली उतरू लागल्या. मग न वळता म्हणाल्या, "आवाज झाला तर मात्र तक्रार करणारच!"

चार आठवड्यांनी, पिल्लू खरोखरच दोन महिन्यांचं झाल्यावर, सगळं घर त्याला आणायला गेलं; ते भुकेनं रडत होतं हे कळल्यापासून विरोध सोडलेली आईसुद्धा. पिल्लू आता चांगलंच धष्टपुष्ट झालं होतं. त्याचा एक कान काळा पडू लागला होता.

"दोघांना शाबासकी," डॉक्टर बाई बाबांना म्हणाल्या. "यांनी दात पाहिले नसते, तर मला अजून पत्ताही लागला नसता."

पिल्लू आईच्या शेपटीला लोंबकळून टोकदार दातांनी चावत होतं. कुत्रीनं एकदा झटकलं, दोनदा झटकलं. शेवटी ती कंटाळून उठली, पिल्लाला नाकानं मुंगीच्या पायांकडे ढकललं आणि पलीकडच्या सावलीत जाऊन डोळे मिटून पडली.

मुंगीनं पिल्लाला उचललं. त्यानं कचकन तिच्या बोटाला चावा घेतला.

"आई गं!" मुंगी ओरडली, आणि हसतच सुटली.