नणंदेकडून आलेला कॅमेरा

सासूबाई जाऊन दीड महिना झाला होता, तरी वहिनीचा शीण काही उतरत नव्हता. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं केलेलं. तो शीण दीड महिन्यात थोडाच उतरतो? दुपारी आडवं व्हावं तर झोप लागत नसे आणि कामाला उभं राहावं तर डोळे मिटत. नवरा नोकरीच्या गावी, रविवारपुरता यायचा. अख्खी इमारत तिला वहिनीच म्हणायची. स्वतःचं नाव कानावर पडूनही तिला कितीतरी दिवस झाले होते.

त्या दुपारी ती कॉम्प्युटरपुढे बसली ती नणंदेच्या कामासाठी. सहा वर्षांपूर्वी नणंद घरातला डिजिटल कॅमेरा आपल्या शहरी घेऊन गेली होती. तो तिच्या कपाटात पडून राहिला आणि त्याची वायर इथेच राहिली. परवा तिने तो कुरियरने पाठवून दिला. आईच्या शेवटच्या सहलीचे फोटो आहेत, उतरवून मला पाठव, एवढाच निरोप.

रात्रभर उशाशी चार्जिंगला लावलेला कॅमेरा वहिनीने वायरने जोडला. पडद्यावर हिरवी पट्टी रांगत पुढे सरकू लागली. धरणाच्या भिंतीवर उभ्या सासूबाई. वाऱ्याने उडणारा पदर दातात धरलेल्या सासूबाई. धडधाकट, चालत्याफिरत्या. वहिनीला क्षणभर बरं वाटलं.

मग एक अंधारा फोटो आला. मागोमाग दुसरा.

खोली सासूबाईंची होती. झीरोच्या दिव्याचा मळका उजेड, औषधांचं स्टूल, आणि खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेली बाई. वहिनीला आधी भीती नाही, लाजच वाटली. अशी दिसते मी झोपेत?

मग तिने कोपऱ्यातली तारीख पाहिली. गेल्या वर्षीची. तेव्हा हा कॅमेरा कितीतरी कोसांवर, नणंदेच्या कपाटात बंद होता.

असे शेकडो फोटो होते. कधी अंगात स्वेटर, कधी पायाशी पंखा. सगळे पलंगावरून काढलेले. ज्या बाईला पेला धरता येत नव्हता, तिच्या उशीवरून. औषधांचा तो आंबूस, कडवट वास वहिनीला इतका स्पष्ट आला, की तिने उठून खिडकी उघडली.

परत येऊन बसते तो ती रात्र पडद्यावर आलेली.

त्या रात्रीबद्दल वहिनीने सगळ्यांना सांगितलं होतं, की ती जागी होती. चारच्या सुमाराला सासूबाईंनी तिचा हात धरला आणि शांतपणे डोळे मिटले. नवरा ते ऐकून ढसाढसा रडला होता. फोटोंत मात्र ती खुर्चीत गाढ झोपली होती. तीन वाजता, सव्वातीनला, साडेतीनला. दर फोटोत कॅमेरा थोडा जवळ आलेला. शेवटी पडद्यावर नुसता तिचा कान.

फोन वाजला. नणंद होती.

"उतरले का गं फोटो, वहिनी?"

"उतरतायत... वन्सं, मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या रात्री मी झोपले होते. सकाळी हात लावला तर... गार लागल्या. त्यांनी हाक मारली असेल, तर मला ऐकूच आली नाही."



"चार वर्षं जागलीस," नणंद हळूच म्हणाली. "एका रात्रीचं काय घेऊन बसलीस? मी तर एकही जागले नाही."

वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दीड महिन्यात पहिल्यांदाच छातीवरचं ओझं हललं.

"पण वन्सं, कॅमेरा तुमच्याकडे असताना..."

"फोटो आहेत ना त्यात... तिथले?" नणंद कुजबुजली. "रात्री कपाटातून खट् खट् आवाज यायचा. उघडून बघायची हिंमत झाली नाही. आई गेल्यावर थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवला. मला माफ कर गं..."

फोन ठेवला गेला. पट्टी शेवटाला पोचली होती. शेवटचे तीन फोटो कालच्या रात्रीचे होते, वहिनीच्या स्वतःच्या खोलीतले.

या तिन्हींत ती झोपलेली नव्हती. अंथरुणात उठून बसली होती. डोळे सताड उघडे, कान कॅमेऱ्याकडे झुकवलेला, कुणाचं तरी अगदी हळू बोलणं नीट ऐकावं तसा. पहिल्या फोटोत हनुवटी वर होती. दुसऱ्यात खाली. तिसऱ्यात पुन्हा वर.

ती मान डोलावत होती. कशाला हो म्हणत होती, ते तिला काही केल्या आठवेना.