कोपऱ्यातल्या आई

रविवारची दुपार होती. पण दिल्लीतली जानेवारीची दुपार ती, टेबलावरचा दिवा लावल्याशिवाय कीबोर्डसुद्धा दिसेना. मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरची बिल्डिंग धुरक्यात गडप झाली होती. काम साधंच होतं. आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, एक फोटो फ्रेमसाठी तयार करायचा होता. त्यांना जाऊन महिना होत आला होता.

माझा नवरा उन्मेष माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाला, "दिवाळीतला घे ना. त्यात हसत होती ती, यार. आजारपणात दुसरा एकही फोटो काढू दिला नाही तिनं."

नेमका तोच!

दिवाळीच्या त्या फोटोत पुढे रांगोळी, मध्ये आम्ही दोघं आणि मागे कोपऱ्यात, खुर्चीवर आई. नाकात ऑक्सिजनची नळी, शेजारी ते घरघरणारं मशीन. फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा होता आणि मला ती नळी नको होती. लाज वाटली मला, दुसरं काय! कोपऱ्यातला उजेड कमी करत करत मी पार शून्यावर नेला. खुर्ची गेली, मशीन गेलं, आईही गेल्या.

तुला यातलं काही कळत नाही गं, म्हणून सांगते. कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाईलमध्ये एकेका रंगाच्या हजारो छटा असतात. वरून अंधार दिसला तरी आत बरंच काही शाबूत असतं, हवं तेव्हा बाहेर काढता येतं. तिचं जेपेग केलं की छटा उरतात दोनशे छप्पन्न. त्यात एकदा पूर्ण काळं झालं की संपलं, आत काही नसतं. मी जेपेग केलं. आणि लॅपटॉप भरला होता म्हणून रॉ उडवून टाकली.

फोटो बघून आईंनी विचारलं होतं, "मी कुठाय गं यात, सुखदा?"

"अंधार होता ना आई, कॅमेऱ्यात आलाच नाहीत तुम्ही," मी बेधडक सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फोन माझ्या हातात परत दिला.

"तूच म्हणतेस ना, अंधारातसुद्धा सगळं असतं म्हणून," उन्मेष आत्ता म्हणत होता. "काढ ना तिला बाहेर."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. जीभच रेटेना. म्हटलं, थोडं नाटक करू आणि सांगू, निघत नाही रे.

जेपेग उघडलं. उजेडाची पट्टी हळूहळू उजवीकडे ओढली. कोपरा राखाडी झाला, चिखलासारखा. तो होणारच होता. मी हुश्श केलं आणि आणखी थोडं ओढलं.

चिखलात खुर्चीचा हात दिसला.

मग त्यावरची बोटं...

मी कर्सर नेऊन जेपेगमधले तिथले रंगांचे आकडे पाहिले, पट्टी ओढण्याआधीचे. शून्य, शून्य, शून्य. पुन्हा पाहिले. तिथे काहीही नव्हतं गं, आणि बोटं दिसत होती, अंगठीसकट. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास यायला लागला, आई छातीला लावायच्या तो. आणि पाठीमागून बारीक बुडबुड ऐकू यायला लागली, ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्याची. मशीन तर कधीच परत गेलं होतं. माझा हात पट्टीवरून निघेना. पदर दिसला, गळा दिसला... चेहरा दिसला.

नाकात नळी नव्हती. आणि आई हसत नव्हत्या. सरळ माझ्याकडे बघत होत्या.

"आई..." उन्मेषचा आवाज फुटला. तो माझ्या खुर्चीला टेकून उभा होता. "बघ ना, कशी हसतेय!"

मी डोळे गच्च मिटले. ते ओठ मला मिटलेलेच दिसले होते. आता मात्र मला राहवलं नाही.

"उन्मेष, तो कोपरा मी काळा केला होता. मुद्दाम. ती नळी दिसू नये म्हणून. मूळ फाईलही मीच उडवली. आईंशी खोटं बोलले मी... आणि आता यात त्या असूच शकत नाहीत रे."

मग त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. हळुवार.

"माहीत आहे मला. आईनं सांगितलं."

मला रडूच फुटलं. म्हणजे आईंना कळलं होतं तर. कळूनही त्या माझ्याशी चांगल्या वागल्या, आणि यानंही मनात ठेवलं. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू!

"कधी सांगितलं रे त्यांनी?" मी डोळे पुसत विचारलं.

"आत्ताच," तो म्हणाला. त्याची नजर स्क्रीनवर नव्हती, माझ्या पाठीमागे होती. "विचारतेय, सुखदा माझ्याकडे बघत का नाही?"