पंधरावी पाटी

मावशीनं गल्लीतली घरं मोजली, ती चौदा भरली. दोनदा मोजली, कारण तीस वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताचे रिपोर्ट लिहिलेल्या बाईला अंदाजपंचे काही चालत नसे. प्रत्येक फाटकावरच्या पाटीचा फोटो काढायचा आणि घरी येऊन, लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावर त्या घराचं नाव टाकायचं, हा तिचा सध्याचा उद्योग. भाचीनं तो शिकवला होता आणि एक नियमही बजावला होता: डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच लिहायचं.

कारण मात्र मावशीचं स्वतःचं होतं. गावातल्या निम्म्या पाट्या तिच्या नवऱ्यानं रंगवलेल्या. तो जाऊन सात वर्षं झाली आणि आता लोक त्या उपटून स्टीलची अक्षरं बसवत होते. त्याचा हात असा एकेका फाटकावरून पुसला जाण्याआधी तिला तो नोंदवून ठेवायचा होता.

माणूस मुलखाचा संथ. दिवसाला एकच अक्षर. ते वाळल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं डोकं धरून बसायची. जगाच्या घरांना नावं रंगवून हा स्वतः जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. "आपलं घर कधी?" असं तिनं विचारलं की म्हणायचा, "सावकाश." शेवटी तिनंच वैतागून सांगितलं, घराचं नाव हेच ठेवू. दोघं पोट धरून हसले होते. तिसऱ्या कानाला ही गोष्ट ठाऊक नव्हती.

सोमवारी संध्याकाळी तिनं फोटो उघडले. पंधरा होते.

जास्तीचा फोटो सातव्या आणि आठव्या घराच्या मधला. तिथं मोकळी जागा होती, गुडघाभर गवत होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. फोटोत खांब होता. खांबावर निळी पाटी, पांढरी अक्षरं: सावकाश. कान्याला शेवटी किंचित डावीकडे वळण, जे तिच्या नवऱ्याशिवाय दुसरं कोणी देत नसे. खाली त्याचं नाव. त्याखाली पेन्सिलीनं आखलेली एक रिकामी ओळ.

तिनं भाचीला फोन लावला.

"नकाशाच्या हवाई छायाचित्रात सात-आठच्या मधे छप्पर दिसतंय का गं?"

"नुसतं गवत आहे. का?"

"काही नाही. मोजायला चुकले."

"तू चुकलीस? मग आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!"

मंगळवारी भर उन्हात ती तिथं गेली. गवत, एक तुटकी चप्पल, बाकी काही नाही. तिनं गवताचाच फोटो काढला. घरी येऊन उघडला तर त्यात तीच पाटी, आणि पेन्सिलीच्या ओळीवर तिच्या नावाचं पहिलं अक्षर होतं, ओलं, चकाकणारं. खरं तर भीती वाटायला हवी होती. पण तिची छाती भरून आली. या सगळ्यापुढं आपण केवढ्याशा, असं वाटून ती कितीतरी वेळ खुर्चीवर बसून राहिली.

बुधवारी सकाळी त्याच फोटोत दुसरं अक्षर.

तिच्या नावात अक्षरं तीन.

दुपारी भाचीचाच फोन आला.

"मावशी, नवी हवाई छायाचित्रं आलीत. तिथं छप्पर आहे गं! भिंतीला शिडीसुद्धा टेकवलेली दिसतेय. त्या घराचं नाव पाहिलंस का?"

"पाहीन."

"घाई नाही हं. सावकाश कर."

फोन ठेवून मावशीनं ठेवणीतले कपडे बाहेर काढले. खिडकीतल्या कुंडीला जरा जास्तच पाणी घातलं.

मग नकाशा उघडून तिनं सातव्या-आठव्याच्या मधे नाव लिहिलं. माहिती कशी मिळाली, या रकान्यात लिहिलं: स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून.

तारखेच्या रकान्यात तिनं उद्याची तारीख घातली.