पाडव्याच्या पंगतीतलं आठवं पान

या, असे जवळ सरका. टाळ घडीभर खाली ठेवा. उत्तररंगाला बुवा आख्यान लावतात ना, तसं एक आज सांगायचं आहे. यात देव कुठं दिसायचा नाही, सगळी माणसंच आहेत. तरी तो तिथं नव्हता असं म्हणायचा धीर मला अजून झालेला नाही.

शेवगावच्या अलीकडचं गाव आणि त्र्याहत्तरची दिवाळी. आदलं साल कसं गेलं ते ज्यांनी काढलं त्यांना सांगायला नको. दुष्काळी कामावर खडी फोडायची, पोराबाळांना सुकडी चारायची आणि आभाळाकडं बघायचं. त्या साली मात्र पाऊस झाला, बाजरीची कणसं भरली, आणि घरातल्या थोरल्या सुनेनं, केशरबाईनं, मनाशी ठरवलं, पाडव्याची पंगत पुन्हा मांडायची.

ही पंगत घरात आणली धाकट्या जावेनं, गोजरबाईनं. लग्न होऊन आली त्याच साली देवळात काल्याचं कीर्तन झालं. बुवांनी सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या अशा काही रंगवून सोडल्या, की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. गोजरबाई घरी येताच म्हणाली, "आक्का, त्या काल्यात बाप्ये आधी, बाया मागनं, असं हुतं का? मग पाडव्याला तरी आपुन समदी एका वळीत बसू."

"खुळी हाय पोर," सासू बनुबाई म्हणाली, आणि पाटावर पहिली तीच जाऊन बसली.

भांडी सारखी ठेवायची नाहीत, हाही गोजरबाईचाच कायदा. "सारखी भांडी म्हंजी तेराव्याचं जेवान!" असं म्हणून खुदखुदायची. एक पितळी ताट, एक जर्मनचं, एक निळ्या कडेचं इनॅमलचं. कुणाला पाट, कुणाला घोंगडी, कुणाला पालथी पाटी. फुलपात्रात झेंडू, मधेच एखादं बाजरीचं कणीस उभं. ती स्वतः जेवायची माहेरून आणलेल्या काशाच्या ताटात. त्याच्या कडेचा एक टवका उडालेला होता. डावखुरी होती, तेव्हा वाढणं, रांगोळी, सगळं डाव्या हातानं.

गेल्या वैशाखात खडीच्या कामावर तिला ऊन लागलं. संध्याकाळी तापानं फणफणलेली. सहादेव, तिचा नवरा, गाडी जुंपायला निघाला तर थोरला भाऊ कारभारी, केशरबाईचा नवरा, म्हणाला, "बैलांत जीव न्हाई. पहाटं निघू." पहाटे निघायला गोजरबाई उरली नाही. तेरावा झाला आणि सहादेवनं तिचं काशाचं ताट पेटीत घातलं, पेटी घेऊन घोडेगावला जाऊन जनावरांच्या बाजारात काम धरलं. जाताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "या घरचं पानीबी मला नगं." कारभारी खाली मान घालून बसला होता. सहा महिने झाले, त्या दोघांत शब्द नव्हता.

म्हणून केशरबाईची सगळी धडपड. सहादेवनं या घरात एक घास खाल्ला, तर घर राहिलं. नाही तर पुढच्या साली वाटण्या, आणि मग कुठली पंगत?

पाडव्याच्या सकाळी राहुरीहून नणंद लंकाबाई आली. पिशवी ठेवता ठेवताच म्हणाली, "वैनी, सहादेवदादाचा निरोप हाय. दुपारच्या येष्टीनं येतो, आईचं तोंड बघतो आन् माघारी फिरतो. जेवायचा आग्रह करू नगा म्हनला."

"येऊ तर दे," केशरबाई म्हणाली.

तिनं सोप्यात पानं मांडली. सासूबाई, कारभारी, सहादेव, लंकाबाई, आपल्या दोन पोरी आणि शेवटाला आपण. सात. गोजरबाईच्या पद्धतीनं एकाला एक न जुळणारी. झेंडू ठेवले. पुरणाचा वास घरभर होता. किती दिवसांनी हे घर हसतंय असं वाटून ती दारात क्षणभर उभी राहिली, आणि सहज बोटांवर मोजलं.

आठ.

सहादेवच्या पाटाशेजारी एक काशाचं ताट होतं. कडेचा टवका उडालेलं.

"लंकाताई, हे ताट तू आणलंस?"

"कुठलं ताट? मी करंज्यांचा डबा आनलाय तेवढा."

केशरबाईच्या मनात आलं, सहादेवनं कुणाहाती ते पुढं पाठवलं असेल, टोमणा म्हणून? आल्या आल्या त्याच्या दृष्टीला हे पडलं तर तो उंबराही ओलांडायचा नाही. तिनं ताट उचललं. गार होतं आणि ओलं, आत्ताच विसळल्यासारखं. पदराखाली घेऊन तिनं ते आतल्या उतरंडीमागं ठेवलं. वर सूप झाकलं.

चुलीवरची पोळी उलटून बाहेर आली, तर कारभारी शेतातून आलेला. "आठ पानं कशाला गं? मोजायची ईसरलीस व्हय?" तो हसत म्हणाला. मग त्याचीच नजर त्या ताटावर गेली. हसू तिथंच राहिलं. तो पाय धुवायला गेला, आणि बराच वेळ पाय धूत राहिला.

केशरबाई उतरंडीपाशी गेली. सूप होतं. सुपाखाली काही नव्हतं.

सोप्यात येऊन बघते, तर आता ताटाभोवती रांगोळीची महिरपही होती. बाकीच्या सात महिरपी तिनं स्वतः काढल्या होत्या, वेल उजवीकडं वळवून. या आठव्या पानाची वेल उलटी वळलेली होती.

तिला ते पुन्हा उचलायचा धीर झाला नाही.

बनुबाईला दिसायचं कमी. भिंतीला हात लावत ती आली, आपल्या पाटावर टेकली. दोघी पोरी आल्या आणि काकाच्या शेजारची जागा सोडून बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दारात सहादेव उभा राहिला. खांद्याला पिशवी, पायांत वहाणा तशाच. त्यानं आईकडं बघितलं, ओळीकडं बघितलं.

"वैनी, हे ताट कुनी मांडलं?"

खोटं बोलावं असं एकदा तिच्या मनात आलं. "म्या न्हाई, भावजी."

त्यानं करगोट्याची किल्ली चाचपली. "सकाळी ह्ये पेटीत बघून, कुलूप लावून आलोय," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता.

कारभारी पाटावरून उठला. "सहादेव, त्या रातीला मी गाडी आडवली. माझं चुकलं. तू जेव नगं जेव, पर ह्ये ऐकून जा."

सहादेवनं त्याच्याकडं बघितलं नाही. तो ताटाकडं बघत होता. मग वाकून त्यानं वहाणा काढल्या.

"ती बसलीया म्हनल्यावर," तो म्हणाला, "मी उभा राहून कसं भागंल?"

केशरबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं वाढायला घेतलं. पोळी, आमटी, भजी, भात. आठव्या पानाशी तिचा हात थबकला. पण पंगतीत पान रिकामं ठेवत नाहीत. तिथंही वाढलं.

सहादेवनं पहिला घास घेतला. सहा महिन्यांनी.

ती तूप आणायला आत गेली. एवढ्यात कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, खुदकन. पोरींपैकी असेल.

बाहेर आली, तर आठव्या पानावरची पोळी मोडलेली होती.

भातात आमटी कालवलेली होती.

बनुबाई त्या पानाकडं तोंड वळवून म्हणाली, "सावकाश जेव गं. ठसका लागंल."

सगळे जेवले. कारभारीनं भावाच्या ताटात एक भजं टाकलं, सहादेवनं ते खाल्लं.

जेवणं उरकली. अंगणातल्या दगडापाशी सहादेव तांब्या घेऊन उभा राहिला आणि एकेकाच्या हातावर पाणी घालू लागला. आईच्या, भावाच्या, बहिणीच्या, पोरींच्या. केशरबाईनंही हात धुतले, ती पदराला पुसत मागं सरली. मग सहादेवनं आपलेही धुतले. सात जणांचे हात धुवून झाले होते.

सहादेव मात्र तिथंच होता. त्यानं तांब्या पुन्हा कलता केला.

भर दुपारचं ऊन होतं, म्हणून केशरबाईला नीट दिसलं. धार सरळ दगडावर पडत नव्हती. दगडाच्या वीतभर वरच फुटत होती, आणि पाचसहा बारीक धारांनी खाली निथळत होती.

"बास?" सहादेवनं हळूच विचारलं.

आणि थोडं थांबून तांब्या सरळ केला.

एवढंच आख्यान. आता टाळ उचला. फक्त कधी चार घरच्या चार भांड्यांत पंगत मांडाल, तेव्हा पहिल्या घासाआधी गोजरबाईचं नाव मनात घ्या. तिची आठवण ठेवा.