जेवणाच्या सुट्टीतलं स्टूल

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं नसतं तर मी जेवणाची सुट्टी कधीच सोडली नसती.

सिहोऱ्याबाहेरच्या एका राईस मिलमध्ये मी नमुने तपासते. गाडीतल्या पोत्यांमधून मूठमूठ धान काढून माझ्याकडे आणतात. मी त्याची ओल मोजते, सोललेला तांदूळ पांढऱ्या ट्रेवर पसरते आणि चिमट्याने तुकडा, म्हणजे मोडके दाणे, वेगळा करते. बी.एस्सी. करून हेच का, असं कोणी विचारलं की मी नुसती हसते. घर बपेऱ्याला. घरी आई आणि मी, दोघीच. कामाची वेळ नऊ ते पाच; पण धानाचा सीझन लागला की पाचाचे सात कधी होतात कळत नाही. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, संध्याकाळी सहाचे थेंब चुकवायचे नाहीत. आईचे हात थरथरतात, तिला स्वतःला टाकता येत नाहीत.

मी मॅनेजर लिलाधर सरांना विचारलं, "सर, दुपारचा एक ते दोन मी काम करते. पण मला पाचला सोडा."

"गाड्या तुंबल्या नाही पाहिजे बाई," सर फोनमधून मान वर न काढता म्हणाले. "मंग तास इकडचा तिकडं करा, मले काय."

आता, मिलमध्ये एक पद्धत आहे. एक वाजता चौकीदार तुलारामकाका फाटकाजवळ टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तीन ठोके देतात. मशीन थांबते. मग प्रत्येक जण आपलं स्टूल, आपली खुर्ची टेबलावर उलटी टाकतो आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली जेवायला जातो. आत कोणी थांबत नाही. झाडायला सोपं जात असेल, असं मला वाटायचं. पण झाडणारी सखाबाईसुद्धा त्या वेळी बाहेरच जेवत असते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी मी पहिल्यांदा आत थांबले.

मी तशी घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. मशीन थांबली आणि इतकी शांतता झाली की ट्रेवर पडणाऱ्या दाण्याचा आवाजही मोठा वाटायला लागला. भर दुपार, पण खिडकीच्या काचांवर कोंडा बसलेला, त्यामुळे आत पिवळट अंधार. भिजलेल्या धानाचा आंबूस, गरम वास. मी मुद्दाम मान खाली घालून दाणे निवडत राहिले.

पाठीमागून कोणीतरी विचारलं, "जेवली का?"

सखाबाईच, दुसरं कोण असणार. मी मागे न वळता म्हटलं, "नाही मावशी, मला वेळ नाही. माझा डबा तुम्हीच खाऊन टाका."

दोन वाजता पाहिलं तर डबा टेबलाच्या कोपऱ्यावर होता. रिकामा, घासलेला, ओला.

"मी कायले खाऊ तुझा डबा?" सखाबाई बाहेर हसायला लागली. "मी त इथंच होती बाई, या साऱ्यायच्या मधात. इचार यायले."

कोणीतरी गंमत केली असेल, असं मी मनाला सांगितलं. मंगळवारी डबा पुन्हा तसाच. बुधवारीही. आणि खरं सांगते, तीन दिवस मला भूकच लागली नाही. पाच वाजले की मी उठायचे, बस पकडायचे, सहाला आईच्या डोळ्यांत थेंब टाकायचे. जमलं की आपल्याला, असंच वाटत होतं.

गुरुवारी साडेचारला पाच गाड्या एकदम आल्या. सर म्हणाले, "आजचा दिवस थांबा बाई." मी नाही म्हणू शकले नाही. नमुन्यांचे डबे समोर रचलेले, मशीनचा धडधडाट, आणि मी घड्याळाकडे बघत नव्हते, कारण बघून रडू आलं असतं.

तेवढ्यात अगदी कानाजवळ, हळूच, "पाच वाजले. निघू का मी?"

"हो, निघा," मी मान वर न करता म्हटलं. "मला आज उशीर आहे."

घरी पोचायला सव्वासात झाले. मी दारातूनच ओरडले, "आई, चुकलं गं माझं, थेंब राहिले…"

आई काळा चष्मा लावून पडली होती. "काय राहिले? सहालेच त टाकले तू."

"मी?"

"मंग कोण? जेवलो बी सोबतच. तुले परत भूक लागली का?" मग जरा थांबून म्हणाली, "आज तुझे हात लय थंडे होते पोरी."

शेजारची खुशबू आली असेल. तीच असणार. मी भिंतीपलीकडे हाक मारली.

"मी कायले येऊ?" खुशबू म्हणाली. "तू होती ना घरी. दिसली मले, दोरीवरचे कपडे काढून राहिली होती. हाक मारली त पाहिलं बी नाही. लय भाव खाऊन राहिली आजकाल."

त्या रात्री मी आईचा पदर धरून झोपले.

शुक्रवारी सकाळी फाटकातच तुलारामकाकांना गाठलं. "काका, जेवणाच्या सुट्टीत आत कोण असतं?"

ते तंबाखू मळत होते. "स्टूल उलटा टाकला नव्हता का तू?"

"मी त्यावर बसूनच काम करत होते."

"अन् बोलली काही?"

मी सांगितलं. डब्याचं सांगितलं, पाचचं सांगितलं. त्यांचा अंगठा तळहातावर तसाच थांबला.

"तुझ्या जागेवर पहिले रुपा होती," ते म्हणाले. "तिचंबी घरी लहान लेकरू. तेबी अशीच सुट्टीत बसे. घरचे म्हणत, आमची रुपा रोज येळेवर येते, लेकरू खुश आहे… अन् मी तिले रात्री आठ वाजता बस स्टॉपवर पाहिलं. म्हटलं, घरी जाय ना पोरी. त म्हणते, काका, तिथं जागा नाही आता."

काकांनी हातातली तंबाखू तशीच फेकून दिली.

"आज सुट्टीत बाहेर जेव. स्टूल उलटा टाक, म्हणजे त्या जागेवर दुसऱ्या कोणाले बसता येत नाही. अन् पाचच्या ठोक्याले पळ. जे तू बनून जाते, तिच्या पहिले घरी पोच."

एक वाजता मी स्टूल उलटं टाकलं. मोहाखाली सखाबाईच्या शेजारी बसून लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि भात खाल्ला. चव लागत नव्हती, तरी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. पाचला सर काहीतरी म्हणत होते. मी ऐकलं नाही. पळाले. बस मिळाली. वाटभर मी एकेका प्रवाशाचा चेहरा पाहत होते. माझ्यासारखी कोणीच नव्हती. बपेऱ्याला उतरले तेव्हा पावणेसहा. पोचले मी आधी. मी आधी पोचले, असं म्हणतच गल्लीत शिरले.

घरात दिवा लागला होता.

खिडकीतून आई दिसली. मान मागे टाकून खाटेवर बसलेली. तिच्यावर कोणीतरी वाकलं होतं. माझीच वेणी. माझाच निळा कुर्ता, जो आत्ता माझ्या अंगावर होता. डाव्या डोळ्यात एक थेंब, उजव्या डोळ्यात एक थेंब. मी कधीच इतक्या सांभाळून टाकले नव्हते.

माझ्या पायाखाली काहीतरी वाजलं असावं.

"कोण आहे वं बाहेर?" आईने विचारलं.

"कोणी नाही आई," माझा आवाज म्हणाला. "तू डोळे मिटून राहा."

मी "आई" म्हणायला तोंड उघडलं आणि ओट्यावर पाय ठेवला. तिथे माझी प्लास्टिकची खुर्ची असते, संध्याकाळी मी तिच्यावरच बसते. ती जागेवर नव्हती. दाराशेजारच्या टेबलावर कोणीतरी ती उलटी टाकून ठेवली होती.