आप्पांच्या टेबलाशी अडलेले पंप

आमच्या इंग्रजीच्या बाई दर आठवड्याला एक उद्योगातला शब्द देतात. या आठवड्यात आला ‘बॉटलनेक’. अर्थ फळ्यावरच होता: कामाच्या साखळीतली ती एक जागा, जिच्यामुळे सगळं काम रखडतं. पण बाईंची अट अशी, की वाक्यात उपयोग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरूनच करायचा. पुस्तकातलं वाक्य दिसलं की त्या वही परत करतात, आणि वर स्मितहास्य करतात. ते स्मितहास्य फार वाईट असतं.

मी वही घेऊन आप्पांच्या कारखान्यात जाऊन बसले. आप्पा म्हणजे माझे आजोबा. गडहिंग्लजजवळ त्यांचा पंपांचा कारखाना आहे आणि सध्या तिथे चंद्रावरच्या वस्तीसाठी पाणी फिरवणारे पंप बनतात. ही वस्ती कुणा लांबच्या माणसांची असती, तर मी शांत बसले असते. पण माझी आई तिथे पाण्याची इंजिनिअर आहे. पंप यानातून पोचले, तर आई त्याच यानाने परत येणार. नाही पोचले, तर जुने पंप सांभाळायला तिला आणखी सहा महिने थांबावं लागणार. म्हणून माझा पाय सकाळपासून आपोआप हलत होता.

मंगळवार सकाळचे नऊ. यानतळाकडे जाणारा ट्रक बुधवारी संध्याकाळी सहाला निघणार. दोन दिवसांत कामाचे सोळा तास. शंभर पंप बाकी.

“तासाला किती होतायत?” मी विचारलं.

“चार,” आप्पा म्हणाले.

चार सोळे चौसष्ट. छत्तीस कमी. माझा दुसरा पायही हलायला लागला.

“मग वेग वाढवा की.”

“वाढवलाय गं. गेल्या महिन्यात जोडणीला नवा यंत्रहात आणला. आधी तासाला आठ जोडायचा, आता सोळा.”

“आणि पंप किती बाहेर पडतात?”

“चार.”

“आणखी काय केलं?”

“रंगाला नवी भट्टी घेतली. रंग दुप्पट वेगानं वाळतो.”

“आणि?”

“चार,” आप्पा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. चष्मा आधीच स्वच्छ होता.

इतक्यात भिंतीवरच्या पडद्यावर आई दिसली. चंद्रापर्यंत आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला पुन्हा सव्वा. त्यामुळे आईशी बोलताना आपण काहीतरी चुकीचं बोललोय असं सारखं वाटतं.

“आप्पा, होतील ना?”

“होतील,” आप्पा म्हणाले.

अडीच सेकंद गेले.

“तुम्ही चष्मा पुसताय,” आई म्हणाली.

पडदा बंद झाल्यावर मी शिरप्याला गाठलं. शिरप्या हा कारखान्याचा यंत्रमानव. तो सेकंडहँड आहे. आधी एका मंगल कार्यालयात वाढपी होता आणि ती आठवण कुणालाच पुसता आलेली नाही.

“शिरप्या, प्रत्येक पायरीवर तासाला किती पंप होतात, सांग.”

“ओतकाम वीस. कातकाम (धातू तासून आकार देणं) अठरा. जोडणी सोळा. चाचणी सतरा. पाचवी पायरी रंग, एकोणीस. सातवी पॅकिंग, नऊ. जिलबी वाढू?”

“नको. सगळ्यात कमी नऊ आहे. मग चारच कसे?”

“प्रश्न योग्य आहे, ताईसाहेब.”

मी वहीत उतरवलेली यादी पुन्हा पाहिली. पाचव्या पायरीनंतर एकदम सातवी होती. “सहावी कुठाय?”

“सहाव्या पायरीबद्दल बोलायला मालकांची मनाई आहे. मठ्ठा?”

“बरं, त्याबद्दल बोलू नकोस. बॉटलनेकबद्दल बोल.”

शिरप्या खुलला. “समजा, लग्नाला चारशे पाहुणे. वाढपी पन्नास, स्वयंपाक झकास. पण जेवणानंतर हात धुवायला नळ एकच. आता आचाऱ्यानं भात दुप्पट वेगानं शिजवला, तर पंगत लवकर उठेल का?”

“नाही. नळापुढची रांग वाढेल.”

“बरोबर. नळ मिनिटाला दोन माणसं सोडत असेल, तर कार्यालयातून मिनिटाला दोनच माणसं बाहेर पडणार. सगळ्या साखळीचा वेग म्हणजे तिच्यातल्या सर्वांत मंद जागेचा वेग. इतरत्र कितीही धावपळ केली, तरी फक्त रांग वाढते.”

“म्हणजे रांग शोधायची.”

“मी असं काही म्हणालो नाही,” शिरप्या म्हणाला आणि मान पूर्ण मागे वळवून आप्पांच्या टेबलाकडे बघत उभा राहिला.

रांग तिथेच होती. रंगवलेले चाळीसेक पंप टेबलापुढे ओळीनं दर्शनाला उभे असावेत तसे उभे होते. रोज पाहून पाहून मला ते फर्निचर वाटायला लागले होते.

आप्पांनी एक पंप समोर घेतला. निरांजन लावलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आरती म्हटली, पेढा ठेवला. पंप पेढा खात नाही, म्हणून तो आप्पांनी खाल्ला. मग पंप चालू करून त्याला कान लावला. या सगळ्याला पंधरा मिनिटं. तासाला चार पंप. पेढेही चार.

तीन तास संपत आले होते आणि पाय थांबत नव्हता.

“आप्पा, बॉटलनेक तुम्ही आहात.”

आप्पांनी हातातलं निरांजन खाली ठेवलं आणि रांगेकडे पाहिलं.

“माझा पहिला पंप विहिरीवर चालू केला त्या दिवशीच जळला,” ते म्हणाले. “तुझी आजी म्हणाली, कुंकू तरी लावायचं होतंत. तेव्हापासून एकही तसा सोडला नाही. पाहुणे इंजिनिअर हसायला लागले, म्हणून म्हटलं, या विषयावर चर्चा नको. आणि आता माझ्याच लेकीला मी वर अडवून ठेवलंय.”

“बंद नका करू,” मी म्हणाले. “शिरप्या, पंधरा मिनिटांचे तुकडे पाड.”

“आता बोलू?” त्यानं विचारलं. आप्पांनी मान हलवली. “पूजा बारा मिनिटं. कान लावणं तीन. पूजा कुणालाही येईल. कान फक्त मालकांचा चालतो.”

मग आम्ही काम वाटलं. कुंकू ज्यानं त्यानं आपल्या पंपाला रंग वाळल्यावर लावायचं. आरती सगळ्यांची मिळून एकच, ट्रकपाशी. आप्पांनी फक्त ऐकायचं. तीन मिनिटांना एक, म्हणजे तासाला वीस.

दुपारी आप्पांनी एक पंप परत पाठवला. “हा कण्हतोय.” उघडला, तर आतलं बेअरिंग (फिरता दांडा पेलणारी गोळ्यांची कडी) ढिलं. चाचणीच्या यंत्रानं तो पास केला होता.

तासाला वीस मात्र काही निघाले नाहीत. नऊ निघाले. आता रांग पॅकिंगच्या कमळाक्कांपुढे लागली होती.

“माझ्याकडं का बघताय सगळी?” कमळाक्का म्हणाल्या.

“बॉटलनेक सरकतो, ताईसाहेब,” शिरप्या म्हणाला. “एक जागा रुंद केली, की पुढची अरुंद जागा दिसते.”

पण काम वाटलं तेव्हा तेरा तास हातात होते, अठ्ठ्याऐंशी पंप राहिले होते आणि नऊ पुरेसे होते. बुधवारी चारच्या सुमाराला शेवटचं खोकं बंद झालं. ट्रकपाशी आरती झाली. उरलेले अठ्ठ्याऐंशी पेढे कुणी खायचे, यावर थोडी चर्चा झाली.

तीन आठवड्यांनी आम्ही यानतळावर उभे होतो. यान उतरलं. आत अकरा माणसं, दार एक. चंद्रावरून आलेल्या माणसाला इथलं वजन पेलवत नाही, म्हणून प्रत्येकाला दारातच पाच मिनिटं तपासून मग सोडत होते. आई नववी होती.

“बॉटलनेक,” मी आप्पांना म्हणाले. माझे दोन्ही पाय हलत होते.

“व्हय,” आप्पा म्हणाले. “पण डॉक्टर कान लावून बघतायत. लावू देत.”

मी खाली पाहिलं. त्यांचाही पाय हलत होता.